ध्वनिग्राहक हाती धरलेला साक्षीदार

गुन्ह्याची कथा सांगणारा मनुष्य बहुधा पडद्याआड राहतो. वकिलांची कैफियत, पोलिसांची जबानी आणि मृतांची छायाचित्रे आपल्यापुढे मांडून तो अदृश्य होतो, आणि हे सारे मिळवताना कोणाच्या हातावर काय ठेवावे लागले असेल, याची चौकशी आपणही करीत नाही. ब्रिटिश माहितीपटकार निक ब्रूमफील्ड यांनी ती चौकशीच चित्रपटात आणली.

१९४८ साली लंडन येथे जन्मलेल्या आणि कायदा व राज्यशास्त्र यांचे अध्ययन केलेल्या निक यांनी, म्हणजे कारखान्यांच्या छायाचित्रणासाठी विख्यात असलेल्या मॉरिस ब्रूमफील्ड यांच्या पुत्राने, १९७१ साली लिव्हरपूलमधील उठवल्या जाणाऱ्या वस्तीवर पहिला माहितीपट केला. पुढे बालगुन्हेगारांशी पोलिस कसे वागतात हे दाखवणाऱ्या ‘जुवेनाइल लिएझॉन’च्या प्रदर्शनाला दीर्घकाळ मज्जाव झाला. मात्र १९८८ साली, एका संगीत-नाट्यप्रयोगावरील चित्रपटाचा विचका होऊ लागला तेव्हा त्यांनी तो विचकाच चित्रित केला, आणि कानाला हेडफोन लावलेला, हाती लांब दांडीचा ध्वनिग्राहक धरलेला, काहीसा भोळसट भासणारा हा गृहस्थ स्वतःच्या चित्रपटातील पात्र झाला. हा भोळेपणा अर्थात बेतलेला आहे. पण त्यापुढे भलेभले सावधपणा विसरतात.

फ्लोरिडात सात पुरुषांच्या खुनांसाठी गाजलेल्या आयलीन वुर्नोस हिच्यावरील १९९२ च्या माहितीपटात हे तंत्र पूर्णत्वास पोहोचले. तिचा वकील आणि तिला दत्तक घेणारी स्त्री मुलाखतीसाठी मोबदला मागतात, पोलिस अधिकाऱ्यांवर तिच्या कथेचा सौदा चित्रपटकंपन्यांशी केल्याचा आरोप येतो, आणि ही घासाघीस कात्रीखाली न घालता ब्रूमफील्ड जशीच्या तशी दाखवतात. त्यामुळे खुनापेक्षा खुनाभोवतीचा बाजारच अधिक भयावह वाटू लागतो.

काही वर्षांनी वुर्नोसवरील या चित्रपटाचीच साक्ष निघाली. वकिलाच्या नालायकीचा पुरावा म्हणून ब्रूमफील्ड यांना समन्स आले, आणि इतरांना आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला स्वतःच्या संकलनाचा जबाब कोर्टात द्यावा लागला. वुर्नोसची देहदंडाची शिक्षा टळली नाही. मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या तिने त्यांना अखेरची मुलाखत दिली, ती संतापाने अर्ध्यावर मोडली, आणि ९ ऑक्टोबर २००२ रोजी विषारी इंजेक्शन देऊन शिक्षेची अंमलबजावणी झाली.

२०१४ च्या माहितीपटासाठी ब्रूमफील्ड दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये गेले, जेथे कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून १९८५ पासून होत असूनही संशयिताची अटक २०१० पर्यंत लांबली होती. तेथे ज्यांच्या साक्षीला कोणत्याही बाजारात भाव नव्हता, अशा रस्त्यावरच्या स्त्रिया त्यांच्याशी बोलल्या. आरोपी लॉनी फ्रँकलिन २०१६ मध्ये दहा खुनांबद्दल दोषी ठरला.