गोविंदांचा सराव आणि आपला फवारणी गट



गोपाळकाल्याला गिरगाव, दादर, लालबाग, परळच्या रस्त्यांवर लागणारे थर आपण टीव्हीवर पाहतो. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले आणि ४३.७९ फुटांची नोंद गिनीज बुकात झाली, हेही पुष्कळांना ठाऊक आहे. पण आज सांगायचे आहे ते त्या दिवसाबद्दल नव्हे, त्याआधीच्या सरावाबद्दल. आपल्याकडे गट कागदावर भरपूर झाले. एकमेकांच्या भरवशावर काम करणारे गट मात्र थोडे. तो भरवसा कसा तयार करायचा, हे या पोरांकडून शिकण्यासारखे आहे.

बऱ्याच पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो. तिथून श्रावण वद्य नवमीपर्यंत, मध्ये अधिक महिना आला नाही तर, जेमतेम साडेपाच आठवडे मिळतात. पोरे दिवसभर कामधंद्यावर. म्हणून सराव रात्री, चाळीच्या पटांगणात नाहीतर जवळच्या मैदानावर. यातल्या कित्येकांचे आजोबा कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला गेलेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, पण पथके टिकली.

सरावात पहिल्याच रात्री कुणी सात थरांना हात घालत नाही. तीन थर, चार थर, तेच तेच पुन्हा. धिप्पाड, दमदार माणसे खाली, हलकी वर. कोण कुणाच्या खांद्यावर उभा राहणार हे ठरते आणि शक्यतो बदलत नाही, कारण पायाला खांद्याची सवय व्हावी लागते. खालच्या थरातली माणसे मान खाली घालून एकमेकांना घट्ट धरून उभी असतात. वर काय चाललेय ते त्यांना दिसत नाही. हंडी फुटली तरी ती फुटताना त्यांनी पाहिलेली नसते! सूचना देणारा आवाज एकच. दहा जण ओरडू लागले की थर हललाच म्हणून समजा.

आणि खरी मेख पुढेच आहे. थर लावणे हे निम्मे काम. वरून क्रमाने, घाई न करता उतरणे हे उरलेले निम्मे, आणि त्याचाही सराव तितकाच करावा लागतो. भोवती हात वर करून उभी राहणारी माणसे कशासाठी असतात? वरचा पडलाच तर झेलायला. म्हणजे चुकेल असे धरूनच तयारी असते. एवढे करूनही दरवर्षी परळच्या केईएम रुग्णालयात जखमी गोविंदा येतातच. २०१७ साली १४ वर्षांखालील मुलांना थरात चढवणार नाही, अशी हमी राज्य सरकारने उच्च न्यायालयात दिली. २०२२ साली सरकारने गोविंदांना १० लाखांपर्यंतचे विमा संरक्षण जाहीर केले. खेळ जिवाशी आहे, म्हणून सराव.

आता आपल्याकडे बघू. गटाचे प्रशिक्षण म्हणजे एक दिवस, एक सभागृह, हार-तुरे, तीन भाषणे, जेवण, फोटो. शेवटी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपल्या बांधावर एकटाच. असल्या कार्यक्रमातून गट बांधला जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे अन् आम्हालाही.

फवारणीचेच घ्या. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे कामही जिवाशीच आहे, पण त्याचा सराव कोण करतो?

म्हणून माझे सांगणे असे आहे. आठ-दहा जणांचा गट धरा, आणि हंगामाआधी आठवड्यातून एकदा तासभर जमा. सभागृहात नको, शेतातच जमा. पंपात औषध नाही, नुसते पाणी भरा. दोरीने गुंठाभर जागा आखा आणि नेहमीच्या चालीने फवारून किती लिटर लागते ते मोजा. चाळीसने गुणले की एकरी पाण्याचा हिशोब निघाला. वाऱ्याकडे पाठ करून चालायची सवय याच वेळी लावा. औषध कोण मोजणार, घड्याळ कोण बघणार, हे ठरवून टाका. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे गटातल्या प्रत्येकाला, मजुरीवर येणाऱ्या माणसालाही, दाखवा.

मग उतरण्याचा सराव करा. एकाने चक्कर आल्याचे सोंग करायचे. पोरे हसतील, हसू द्या. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यायचे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवायचे कसे ते बोलून दाखवायचे. गाडी कुणाची, चालवणार कोण, दवाखाना कोणता, हे नावानिशी ठरवायचे. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्यायची. परस्पर उलटी करवायची नाही. आणि हुकूम एकाचाच चालेल. तो माणूस सरपंचच हवा असे काही नाही, ज्याचे डोके शांत असते तो हवा.

ग्रामपंचायतीनेही हे मनावर घ्यावे. पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकारी, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनी अर्धा तास काढून ओढ्याला पूर आला तर कोण कुठे उभे राहील हे ओढ्याकाठी जाऊनच ठरवावे. मासिक बैठकीत तो विषय चहाबरोबर संपतो.

एक अडचण येईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला माणसे गळू लागतील. त्यावर दंड लावू नका. पथकात खालच्या थरातला एक आला नाही तर त्या रात्री थर कमी लावतात. आपणही तसेच करावे. ज्याच्याकडे गाडीचे काम दिले तो आला नसेल, तर त्या दिवशी दुसऱ्याला नेमून मगच पंप उचलावा. दुसरा मिळाला नाही, तर त्या दिवशी खरे औषध भरू नये.

पंप घरचे, पाणी विहिरीचे. खर्च असलाच तर चहाचा. मृग सुरू होण्याआधी असे चार रविवार सहज निघतील.