शेवटच्या पानावरची मापं

मी कवितेचा माणूस. औषधांविषयी बोलायला मी डॉक्टर नाही. बोलतो आहे तो घरातला माणूस म्हणून. माझा धाकटा भाऊ गेली बारा वर्षं स्किझोफ्रेनियावर औषध घेतो. त्याला विचारूनच हे सांगतो आहे.

भाऊ शिंपीकाम करतो. आजार सुरू झाला तेव्हा जवळ कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. शेजारी आपल्या वाईटावर आहेत असं वाटायचं. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन सुरू केलं आणि दीडेक महिन्यात आवाज मागे सरले. आम्हाला वाटलं, सुटलो. मग आवाज पुन्हा आले, आणि एके दिवशी अम्मीला गादीखाली लपवलेल्या गोळ्या सापडल्या. मी खूप बोललो त्याला. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "भाईजान, सुईत दोरा ओवला जात नाही."

त्याचे हात थरथरत होते. आम्ही रोज आवाजांची चौकशी केली, हातांची कधीच केली नाही.

या प्रकारचं पहिलं औषध, क्लोरप्रोमझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिलं गेलं. ही बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा परिणाम कमी करतात. त्यामुळे भास आणि संशय ओसरतात. पण शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवण्याचं कामही डोपामाइनच करतं. म्हणून काहींचे हात कापतात, अंग ताठरतं. काहींना एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या घालाव्या लागतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि असतो तो गोळीचा त्रास. तो ओळखणं डॉक्टरांचं काम, पण त्यांच्या कानावर घालणं आपलं.

आम्ही कानावर घातलं. डॉक्टरांनी आधी मात्रा कमी केली, पुढे हळूहळू ओलान्झापिनवर आणलं. हात थांबले. पण भूक भलतीच वाढली. ओलान्झापिनने वजन वाढतं, रक्तातली साखर आणि चरबीही वाढू शकते. म्हणून औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहायचं, तीन महिन्यांनी पुन्हा, आणि मग निदान वर्षातून एकदा. वजन मात्र सुरुवातीला दर महिन्याला. भावाने गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीचं शेवटचं पान स्वतःसाठी ठेवलं. आपल्याच टेपने कंबर मोजतो आणि तारीख टाकून लिहितो. रात्रीचा भात कमी केला, सकाळी चालायला जातो. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर असते.

काही गोष्टी अनुभवातून शिकलो. बरं वाटतं म्हणून गोळी एकदम सोडू नये, आजार उलटतो. कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. झोप येते त्या दिवसांत गाडी चालवू नये. दारूने गुंगी वाढते. बिडी-सिगारेटच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिनचा असर कमी होतो. म्हणून बिडी सोडायची झाली (सोडावीच), तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण तीच मात्रा मग जास्त होऊ शकते.

रमजानचाही प्रश्न आला. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, पण भावाचं मन ऐकेना. गोळीची वेळ परस्पर न बदलता आम्ही महिनाभर आधी डॉक्टरांना विचारलं. त्याची गोळी दिवसातून एकदा, रात्रीचीच असल्याने जमलं. मात्र सहेरीपायी झोपमोड झाली, तर दुपारी भरून काढायची, ही अट त्यांनी घातली. ज्याला दिवसा गोळ्या आहेत, त्याचं उत्तर वेगळं असेल.

काही त्रास लाजेपोटी लपवले जातात. रिस्पेरिडोनने बायकांची पाळी थांबू शकते, छातीतून दूध येऊ शकतं. पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येऊ शकते. हेही सांगावं, यावर उपाय असतात.

आणि काही त्रासांत वाट बघू नये. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलणं असंबद्ध, असं झालं तर लगेच इस्पितळ गाठावं. मान अचानक वाकडी होऊन अडकली, डोळे वर फिरले, तरी तसंच. त्यावर इंजेक्शन आहे. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला करतात. ती चुकवू नये. त्यांना ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी दाखवावं. या औषधाने होणारा बद्धकोष्ठही अंगावर काढू नये. मनाच्या आजाराविषयी कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

"गोळी घेतलीस का?" हे प्रत्येक घरात विचारतातच. त्याच्या जोडीला "गोळीने काय त्रास होतो?" हेही विचारा. आमच्या घरात हा दुसरा प्रश्न उशिरा आला. तो वेळेवर आला असता, तर अम्मीला ती गादी उचलावी लागली नसती.