घरकुलाचे अनुदान आणि घराची धनीण

घरासाठी मदत, देणगी, अनुदान हे शब्द आपल्या वस्त्यांत नेहमी कानावर येतात. कोणी म्हणतो, अमुक ट्रस्ट पत्रे देणार आहे. कोणी म्हणतो, घरकुलाची यादी लागली आहे. अशा वेळी आपण पहिला प्रश्न विचारतो, "रक्कम किती?" आमच्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा पैसा कोणाच्या हातून खर्च होणार? आणि घर उभे राहिल्यावर कागदावर नाव कोणाचे लागणार? या प्रश्नांच्या उत्तरात घरातली बाई नसेल, तर मोठी रक्कमही दलाल, ठेकेदार आणि दारूचा गुत्ता यांच्यात वाटली जाते.

या बाबतीत मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या भगिनींनी सर्वांना धडा घालून दिला आहे.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरील झोपड्या पाडायचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने सांगितले की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. परंतु त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटविण्याची मोकळीक महापालिकेला दिली. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, तेवढी सवड मिळाली.

त्याच वर्षी 'स्पार्क' या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने फुटपाथवरील सुमारे ६ हजार कुटुंबांची मोजणी केली. ज्यांची कुठल्याच दप्तरात नोंद नव्हती, ती माणसे प्रथमच कागदावर आली. कामाला पायी जाता यावे म्हणून रस्त्याच्या कडेला राहणारी ही कष्टकरी कुटुंबे होती. पुढे १९८६ च्या सुमारास या वस्त्यांतील बायांनी 'महिला मिलन' ही आपली संघटना उभी केली. झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांची साथ त्यांना लाभली. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या बायांनी सुरुवात कशाने केली? बचतीने. ज्या दिवशी जेवढे जमेल तेवढे पैसे बाजूला काढायचे, त्यांची नोंद ठेवायची आणि कोणाच्या घरी आजारपण आले, कोणाचा रोजगार बुडाला, तर त्यातूनच कर्ज द्यायचे. अक्षरओळख नसलेल्या बायाही हिशेब चोख ठेवू लागल्या. रेशनकार्ड कसे काढायचे, पोलीस ठाण्यात काय बोलायचे, बँकेत खाते कसे उघडायचे, हे त्या एकमेकींना शिकवू लागल्या. मग घर कसे हवे याचा विचार सुरू झाला. नेसत्या साडीच्या लांबीने त्यांनी खोल्यांची मापे घेतली, आणि कापड व पुठ्ठा वापरून खऱ्या मापाची घरे उभारून लोकांना दाखविली. १४ फूट उंचीची खोली आणि तिच्यात पोटमाळा, म्हणजे लहान जागेतही मुलांच्या झोपण्याची आणि अभ्यासाची सोय होते, ही कल्पना या कामातूनच पुढे आली.

बाहेरची देणगी आली ती यानंतर. ती कशी वापरली, हे समजून घेण्यासारखे आहे. गरिबाला बँक कर्ज देत नाही, कारण त्याला जामीन राहणारा कोणी नसतो. धारावीतील राजीव-इंदिरा गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीसाठी सिटीबँकेने कर्ज दिले, त्यामागे ब्रिटनमधील 'होमलेस इंटरनॅशनल' या धर्मादाय संस्थेची हमी होती. पुढे २००२ साली ब्रिटन आणि स्वीडन सरकारच्या अनुदानातून याच कामासाठी 'क्लिफ' नावाचा निधी सुरू झाला. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बांधकाम अगोदर करावे लागते आणि जादा जागेच्या विक्रीचे पैसे मागाहून येतात. मधली अडचण अशा निधीने निभावते. पैसे परत आले की तेच दुसऱ्या वस्तीच्या कामी येतात.

हा मार्ग सोपा नव्हता. भायखळ्याच्या अनेक कुटुंबांना मानखुर्दच्या मिलननगरात पक्के घर मिळायला कित्येक वर्षे लागली, आणि मिळाले तेही कामाच्या ठिकाणापासून दूर. तरीही त्या घरांत राहायला गेलेली बाई उपकाराच्या ओझ्याखाली नव्हती. आपल्या धम्मात दानाला पारमिता मानले आहे. घेणाऱ्याची मान खाली घालायला लावते ते दान कसले? घेणारा ज्याच्या आधाराने स्वतःच्या पायावर उभा राहतो, ते खरे दान.

आता आपल्या घराकडे वळू. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाची रमाई आवास योजना आहे. २००८ च्या शासननिर्णयाने ती सुरू झाली. घरकुल २६९ चौरस फुटांचे असते. हे अनुदान म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या, त्यामागेही चळवळीचे कष्ट आहेत. परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या खोलीत काटकसरीने संसार करणाऱ्या माता रमाईचे नाव या योजनेला आहे. त्या नावाच्या घरावर बाईचेच नाव नसावे, याला काय म्हणावे?

म्हणून आमच्या भगिनींना आमचे सांगणे आहे. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, जागेचा उतारा आणि आपल्या नावाचे बँक पासबुक एका पिशवीत जपून ठेवा. अनुदान एकदम मिळत नाही, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते पडतात. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि प्रत्येक पोत्याचा खर्च वहीत लिहा. सध्याची रक्कम आणि अटी ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत किंवा नगरपालिकेत स्वतः जाऊन विचारा. दलालाला पैसे देऊ नका. घर उभे राहिले की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावे लावून घ्या. पंतप्रधान आवास योजनेतही घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याचा नियम आहे. नवऱ्याने टाकले, किंवा तो अकाली गेला, तर दिराच्या दारात उभे राहण्याची पाळी बाईवर येते. ती हा एक कागद टाळू शकतो.

आणि बांधवांनो, बायकोचे नाव लागले म्हणून तुमचे घर कमी होत नाही. ते विकायला किंवा गहाण टाकायला कोणी आला, तर एकाऐवजी दोन सह्या लागतील, एवढेच. त्यातच लेकरांचे छप्पर सुरक्षित आहे.

विहारात दर रविवारी वंदनेला जमणाऱ्या महिला मंडळांनी वंदनेनंतर अर्धा तास बचतीच्या वहीला द्यावा. पाच जणींपासून सुरुवात झाली तरी पुरे. बाहेरची मदत येईल तेव्हा येईल. ती यावी तेव्हा आपली वही तयार असावी. जय भीम!