भर उन्हातले चांदणे

पडद्यावर नायक चांदण्या रात्री माळावरून घोडा दौडवीत जातो आणि आपण श्वास रोखून पाहतो. ती रात्र पुष्कळदा दुपारच्या उन्हात टिपलेली असते. ही लबाडी का करावी लागते, ती साधते कशी आणि तिच्यात कोणाचे हित असते, या तीन गोष्टींचा आज विचार करू.

प्रथम कारण पाहू. पौर्णिमेचा चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. आपला डोळा त्या अंधाराला हळूहळू सरावतो. जुनी फिल्म सरावत नसे. खोलीतली रात्र दिव्यांनी उजळता येई. पण अख्खा माळ उजळायचा तर दिव्यांच्या राशी, जनरेटर, केबल आणि ते सारे ओढणारी माणसे हवीत. म्हणून मूकपटाच्या काळी सोपी तोड निघाली. चित्र दिवसा घ्यायचे आणि फिल्म निळ्या रंगात बुडवायची. पडदा निळा झाला की प्रेक्षक रात्र समजे. मुर्नाव यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’मध्ये असेच केले होते. पुढे त्याच्या रंग न दिलेल्या प्रती फिरल्या, तेव्हा सूर्यकिरणांनी नष्ट होणारे ते पिशाच्च लख्ख उन्हात शवपेटी घेऊन हिंडताना दिसू लागले!

पण रात्र निळीच का? चंद्रप्रकाश काही निळा नसतो. तो सूर्याचाच परतलेला प्रकाश आहे, किंबहुना किंचित तांबूस. खरी गोम आपल्या डोळ्यात आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी उजेडात काम करतात. अंधुक प्रकाशात दंडपेशी पुढे येतात. त्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा मात्र चांगला जाणवतो. म्हणूनच दिवेलागणीला जास्वंदीचे फूल काळवंडते आणि तिची पाने त्या मानाने उजळ वाटतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली. पडद्यावरची निळी रात्र ही या अनुभवाची अतिशयोक्ती होय.

आता कृती. पहिली गोष्ट म्हणजे फिल्मवर प्रकाश कमी पडू द्यायचा. छायालेखकांच्या भाषेत एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, दोन स्टॉप कमी म्हणजे चौथाई. दुसरी गोष्ट, सूर्य पात्रांच्या पाठीमागे किंवा बाजूला ठेवायचा. मग केसांना, खांद्यांना रुपेरी कड येते आणि चेहरा छायेत राहतो. सूर्यच चंद्राचे सोंग घेतो! तिसरी गोष्ट आभाळाची. उजळ आभाळ चौकटीत आले की सोंग उघडे पडते. म्हणून कॅमेरा खाली झुकवतात किंवा मागे डोंगर, झाडी घेतात. कृष्णधवल चित्रपटात यावर तांबड्या काचेचा उपाय होता. ती निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळे आभाळ काळे होते. मात्र त्याच काचेमुळे ओठ फिके पडत आणि रंगभूषाकाराचे काम वाढे. रंगीत चित्रपटात दिव्यांच्या प्रकाशासाठी बनवलेली फिल्म उन्हात तशीच वापरली की सारे चित्र आपोआप निळे येई. शेवटी खिडकीत, मोटारीला दिवे हवेतच. आणि ते उन्हावर मात करून दिसावेत इतके प्रखर हवेत. रात्रीच्या घरात एकही दिवा नसेल, तर प्रेक्षक फसत नाही.

फ्रेंच लोक या युक्तीला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. त्रूफो यांनी १९७३ साली याच नावाचा चित्रपट काढला. त्याचा विषयही चित्रपट तयार करणारी माणसे हाच आहे. युक्ती अजून जिवंत आहे. २०१५ सालच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मधली रात्र नामिबियाच्या वाळवंटात दिवसा टिपली, तीही उलट रीतीने. प्रकाश मुद्दाम जास्त घेतला, म्हणजे सावल्यांतला तपशील हरवत नाही, आणि नंतर संगणकावर चित्र काळोखात नेले. २०२२ सालच्या ‘नोप’मध्ये दोन कॅमेरे एकाच दृश्यावर रोखले, एक रंगीत फिल्मचा, दुसरा अवरक्त किरण टिपणारा. निळ्या आभाळात अवरक्त किरण फार थोडे असतात, म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यात ते काळे आले. मग दोन्ही चित्रांचा मेळ घातला.

आता माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला सुचणारा प्रश्न. पडद्यावरची रात्र दिवसा करता आली, तर कोणाची तरी खरी रात्र वाचते. निर्माता पैसे वाचवतो हे खरे, आणि दिवेवाल्याची पाळी बुडते हेही खरे. पण झोपही वाचते. १९९७ साली अमेरिकेत एका चित्रपटाचा साहाय्यक कॅमेरामन एकोणीस तासांच्या कामानंतर घरी परतताना मोटार अपघातात गेला. हॅस्केल वेक्सलर या नामवंत छायालेखकाने २००६ साली या अतिश्रमांवर ‘हू नीड्स स्लीप?’ हा माहितीपट काढला.

आजचे कॅमेरे अत्यंत थोड्या उजेडातही चित्र घेतात. त्यामुळे खऱ्या रात्री काम करणे सोपे झाले आहे, पण कोणासाठी? कॅमेऱ्यासाठी! केबल ओढणारा, चहा देणारा, कपडे सांभाळणारी बाई यांचे डोळे पूर्वीचेच आहेत. यंत्राची दृष्टी वाढली म्हणून माणसाची झोप कमी करता येत नाही. तेव्हा कामाचे तास आणि घरी पोचवण्याची सोय या गोष्टी करारात लिहून घ्याव्या लागतील. पुढच्या वेळी पडद्यावर चांदणे दिसले, तर सावल्या कोणत्या बाजूला पडतात ते जरूर पाहा; आणि त्या चांदण्यासाठी किती माणसे जागली असतील, याचाही विचार करा.