माजुलीच्या बांधावरून

बेटावर सायकल फिरवली म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि माड उभे राहतील. मी फिरलो ते बेट नदीतले आहे : आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील माजुली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी गेल्या डिसेंबरात आम्ही जोरहाटला गेलो होतो. शिबिर संपल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले. एका आसामी मित्राने भावाची सायकल दिली आणि मी निमाती घाटावर बोटीत चढलो. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. बोटीत चढलेलाही बहुधा पहिलाच.

तासाभराने कमलाबारीच्या बाजूला उतरलो, तर पुढे नुसती वाळू. सायकल हाताने ओढत रस्ता गाठला. माजुलीत चढ-उतार नाहीत. मुख्य रस्ते बरेचसे उंच बांधावरून जातात, कारण पावसाळ्यात खालची शेते पाण्याखाली असतात. मिसिंग लोकांची घरेही बांबूच्या खांबांवर उभी. बांधावर सायकलवाल्यांना तोटा नाही. शाळेच्या मुली, मासे विकणारे, मागे भाताची पोती बांधलेले. परका माणूस दिसला की घंटी वाजवतात आणि बरोबर चालू लागतात. वैष्णव सत्रे आणि सामगुरीचे मुखवटे मीही पाहिले. बांबूच्या सांगाड्यावर कापड, माती व शेण चढवून ते करतात. पण त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

सालमोराच्या वाटेवर माझी साखळी निसटली. मागून येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आपली सायकल बांधाला टेकवली आणि काडीने साखळी चढवून दिली. निवृत्त प्राथमिक शिक्षक. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचे जमले. पुढे दोघे बरोबरच गेलो. सालमोऱ्याच्या कुंभारणी चाक न वापरता हातानेच मडकी घडवतात, हे त्यांनीच दाखवले. मग काठावर उभे राहून त्यांनी नदीच्या मध्याकडे बोट केले व म्हणाले, "माझी पहिली शाळा तिथे होती."

मला वाटले, पुरात बुडाली असेल. तसे नव्हते. पूर येतो आणि जातो. घात करते ती धूप. काठ भुसभुशीत गाळाचा आणि वाळूचा. पुरात तो पाणी पितो, प्रवाह त्याचा पाया पोखरतो आणि पूर ओसरू लागला की पाण्याचा आधार सुटून ओली जमीन ढासळते. म्हणजे लोक हुश्श म्हणतात तेव्हाच खरा धोका. त्यात १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने डोंगर खचले, अफाट गाळ नदीत आला, तळ उचलला गेला आणि पात्र आडवे पसरू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी बाराशे चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे बेट आता निम्म्याहून लहान झाले आहे. २०१६ साली ते जिल्हा झाले. जिल्हा झाला म्हणून नदी थांबत नाही. काठाला वाळूच्या पिशव्या आणि काँक्रीटचे खांब टाकलेले दिसतात.

शिक्षकांनी तीनदा घर हलवले होते. बांबूचे घर सोडवून मागे नेता येते. शेत नेता येत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. मीच गप्प झालो, कारण आमच्या आजोबांचे गाव उजनी धरणात गेले आहे. मग त्यांनी एका टपरीवर मला लाल चहा पाजला आणि पैसे काही देऊ दिले नाहीत.

परतीला बोट प्रवाहाविरुद्ध चालली, वेळ जास्त लागला. माजुली मागे एक पिवळी रेघ होऊन राहिली होती.

घरी आल्यावर सगळे आजोबांना सांगितले. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की ते आम्हाला जुन्या गावाची जोती दाखवतात. त्यांनी एवढेच विचारले, "मग त्या मास्तरांचं गाव उन्हाळ्यात वर येत नाही व्हय?"

मी म्हणालो, "नाही. तिथं मातीच राहिली नाही."

बराच वेळ ते तंबाखू मळत बसले. नंतर म्हणाले, "सायकल कुणाची घेतली होतीस? नीट परत दिलीस ना?"