येणारे टपाल, जाणारे टपाल

पत्र टाकायचे झाले की तुम्ही कोपऱ्यावरच्या लाल पेटीकडे जाता. पण मामाचे पत्र आले का, हे पाहण्यासाठी त्याच पेटीत कधी हात घालता का? मुळीच नाही. पत्र टाकण्याची जागा वेगळी आणि आलेले पत्र मिळण्याची जागा वेगळी. एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर संगणकावरचा एक किचकट फॉर्म तुम्हाला सहज भरता येईल.

हा फॉर्म कोणता? समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने एका जुन्या संगणकावर स्वतःचा मेल-सर्व्हर उभा केला आहे. म्हणजे शाळेची खाजगी टपालकचेरीच म्हणा ना! तिच्यात दोन कारकून आहेत. पोस्टफिक्स नावाचा प्रोग्रॅम पत्रे घेतो आणि पुढे रवाना करतो. डव्हकॉट नावाचा दुसरा प्रोग्रॅम आलेली पत्रे ज्याची त्याला दाखवतो. तुमच्या टेबलावरच्या संगणकात थंडरबर्ड हा पत्रे लिहिण्या-वाचण्याचा प्रोग्रॅम आहे. त्याची या कचेरीशी ओळख करून द्यायची आहे. मोठ्या कंपन्यांच्या मेल-सेवांची माहिती थंडरबर्डला एका तयार यादीतून मिळते. तुमच्या शाळेचे नाव त्या यादीत कुठून असणार? तो बिचारा दोन-चार नेहमीची नावे चाचपून पाहतो आणि जमले नाही, तर फॉर्म तुमच्यापुढे ठेवतो.

फॉर्मचे दोन भाग असतात : येणारे टपाल आणि जाणारे टपाल. पुष्कळजण इथेच गोंधळतात. एकच सर्व्हर आहे, मग त्याची माहिती दोनदा कशाला? कारण कचेरी एक असली, तरी कामे दोन आहेत.

येणाऱ्या टपालासाठी पॉप आणि आयमॅप अशा दोन पद्धती आहेत. पॉपची मूळ रीत अशी, की कचेरीत जायचे, पत्रे उचलायची आणि घरी आणायची. कचेरीतला कप्पा रिकामा. शाळेतल्या संगणकाने पत्रे अशी उचलून नेली, तर घरच्या संगणकाला काय मिळणार? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅपची पद्धत काढली. तिच्यात पत्रे कचेरीतच राहतात आणि आपण कुठूनही ती पाहू शकतो. तेव्हा आयमॅप निवडा. जाणाऱ्या टपालासाठी मात्र निवड करावी लागत नाही. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपी या नावाने जे नियम लिहून काढले, त्यांच्याच पायावर आजही पत्रे धावतात.

पुढची चौकट सर्व्हरच्या नावाची. आपण मेल.एक्झाम्पल.ऑर्ग असे नाव धरू. (एक्झाम्पल.ऑर्ग हे नाव १९९९ पासून केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे, बरे का! त्यामुळे लेखकांची सोय झाली.) त्याखाली पोर्टचा आकडा विचारतात. पोर्ट म्हणजे कचेरीतली खिडकी. टपालकचेरीत तिकिटांची खिडकी निराळी, बचत खात्याची निराळी, तसेच हे. फक्त संगणकाला खिडक्या पासष्ट हजारांहून अधिक! आपल्याला त्यांतल्या दोनच पुरेत : येणाऱ्या टपालासाठी ९९३ आणि जाणाऱ्यासाठी ५८७ किंवा ४६५. २५ क्रमांकाची खिडकीही कुठे कुठे वाचनात येईल. ती एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला पत्रे पोचवण्यासाठी आहे, तुमच्या-आमच्यासाठी नव्हे.

आता खरी महत्त्वाची चौकट : सुरक्षितता. ‘काही नको’ असाही एक पर्याय तिथे दिसतो आणि घाईत तो निवडण्याचा मोह होतो. तो निवडला, तर काय होईल? तुमचा पासवर्ड वाटेत जसाच्या तसा, फार तर बेस-६४ नावाच्या लिपीत जाईल. ही लिपी म्हणजे कुलूप नव्हे. मोडीत लिहिलेले पत्र मोडी येणाऱ्या कोणालाही वाचता येते, तशातलाच हा प्रकार. त्याच वायफायवर बसलेला एखादा खोडकर तो पासवर्ड टिपून तुमच्या नावाने कोणालाही पत्रे पाठवू शकेल. म्हणून टीएलएसचे कुलूप हवेच.

हे कुलूप दोन तऱ्हांनी लागते. ९९३ आणि ४६५ या खिडक्यांवर पहिल्या शब्दापासूनच बोलणे कुलूपबंद असते. ५८७ वर आधी उघड नमस्कार-चमत्कार होतात आणि मग ‘आता कुलूप लावू या’ असे ठरते. याला स्टार्ट-टीएलएस म्हणतात. खिडकी एक आणि तऱ्हा दुसरी निवडली, तर मोठी गंमत होते. समजा, ४६५ समोर तुम्ही स्टार्ट-टीएलएस निवडले. थंडरबर्ड सर्व्हरच्या नमस्काराची वाट पाहतो आणि सर्व्हर थंडरबर्ड कुलूप कधी काढतो याची! दोघेही गप्प. अखेर कंटाळून थंडरबर्ड ‘उत्तर आले नाही’ असे सांगतो. सर्व्हर बंद पडला, असे समजून लोक तासन्‌तास तारा तपासत बसतात आणि दोष असतो एका चौकटीत.

कुलूप लावण्यापूर्वी सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवतो. त्यावर मेल.एक्झाम्पल.ऑर्ग हे नाव असते. तुम्ही नावाऐवजी १९२.१६८.१.१० असा आकडी पत्ता लिहिला असेल, तर सर्व्हर खरा असूनही थंडरबर्ड ‘नाव जुळत नाही’ असा इशारा देईल. तिथे ‘चालेल’ म्हणून बटण दाबू नका. आधी नाव बरोबर लिहा. ते लिहूनही इशारा आला, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या शिक्षकांना विचारा. ओळखपत्राची मुदत संपली असेल. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या मोफत ओळखपत्रांची मुदत वर्षानुवर्षे ९० दिवसांचीच होती आणि आता ती आणखी कमी होत आहे. किंवा मध्येच कोणी तोतया सर्व्हर होऊन बसला असेल. बटण दाबले, की हा फरक कळण्याचा मार्गच बंद होतो.

वापरणाऱ्याच्या नावात काही सर्व्हरना संपूर्ण पत्ता लागतो, तर काहींना @ या चिन्हाच्या आधीचा भागच पुरतो. तेही शिक्षकांनाच विचारावे. नाव आणि पासवर्ड जाणाऱ्या टपालासाठीही द्यायचे असतात, हे विसरू नका. नाहीतर कोणीही वाटसरू तुमच्या शाळेच्या कचेरीतून हजारो जाहिराती धाडील आणि मग शाळेची खरी पत्रेही इतर सर्व्हर घेईनासे होतील.

फॉर्म भरला, की पहिले पत्र स्वतःलाच पाठवा. चूक असेल, तर सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. पहिला आकडा २ असेल, तर काम झाले. ४ असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा यावे. ५ असेल, तर नकार. ५३५ आले, तर नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. ५५० बहुधा पत्त्यातली चूक दाखवतो.

आणि एखादे वेळी असेही होईल, की पत्र स्वतःकडे येऊन पोचेल आणि तरीही ‘पाठवलेल्या पत्रांत प्रत ठेवता आली नाही’ अशी तक्रार पडद्यावर दिसेल. आता तुम्ही गोंधळणार नाही. पत्र गेले ते पोस्टफिक्सच्या खिडकीतून. प्रत ठेवायची असते ती डव्हकॉटच्या कप्प्यात. तेव्हा येणाऱ्या टपालाचा भाग उघडून तपासा.