जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरच्या चाकांचा रंग

जुना फोर्डसन ट्रॅक्टर मूळ रूपांत आणणारांची फसगत बहुधा चाकांपाशीं होते. अमेरिकेंत सन १९१७ पासून निघालेल्या फोर्डसनचें अंग राखी व चाकें तांबडीं असत. आयर्लंडांत कॉर्क येथें १९२९ पासून झालेल्या यंत्रांतही हीच जोडी होती. १९३३ त काम इंग्लंडांत डॅगनम येथें गेल्यावर अंग निळें झालें, १९३७ त नारिंगी, आणि महायुद्धकाळांत हिरवें. १९४५ चा मेजर पुन्हां निळा, चाकें नारिंगी-तांबडीं.

म्हणून शेजाऱ्याचें यंत्र पाहून रंग ठरवूं नये. इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकावरून प्रथम साल काढावें. चाकावर सांपडलेला रंगही पुरा पुरावा नव्हे. लोखंडी चाकें काढून रबरी टायरचीं बसविण्याची चाल पुष्कळ होती, त्यामुळें चाक अंगाहून धाकटें असूं शकतें. खाडाखोडीखालची नोंद वाचण्यांत आमचें आयुष्य गेलें. येथेंही रीत तीच. तुंब्याच्या आंतल्या बाजूस वंगणाखालीं जुना रंग टिकतो. तेथें रॉकेलनें पुसून कांचकागद हलक्या हातानें फिरवावा, म्हणजे थर उलगडतात. गंज न चढावा म्हणून दिलेला तांबूस अस्तर-लेप मात्र चाकाचा रंग समजूं नये. ही तपासणी होईपर्यंत चाक वाळूच्या झोताखालीं देऊं नये.